'कम्पेल' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि त्यासाठी मराठीत योजावयाचे शब्द

अर्थशोधक :

नमस्कार. इंग्रजीतील 'कम्पेल' या क्रियापदाविषयी सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे. शब्दकोशात 'भाग पाडणे', 'सक्ती करणे', 'जबरदस्ती करणे' असे प्रतिशब्द एका ओळीत मिळतात आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येतील असा समज होतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. पोलिसांनी आरोपीला कम्पेल केले, दुष्काळाने कुटुंबाला कम्पेल केले, पुराव्याने न्यायाधीशांना कम्पेल केले आणि सदसद्विवेकबुद्धीने एखाद्या अधिकाऱ्याला कम्पेल केले, ही चारही वाक्ये इंग्रजीत सारखीच स्वाभाविक आहेत. मराठीत या चौघांना एकच क्रियापद लावले, तर निदान दोन वाक्ये कानाला खटकतात. पोलीस सक्ती करतात. दुष्काळ सक्ती करत नाही, दुष्काळामुळे गाव सोडणे भाग पडते. पुराव्यापुढे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि सदसद्विवेकबुद्धी ज्याला गप्प बसू देत नाही त्याला बोलल्यावाचून राहवत नाही.

माझे म्हणणे असे आहे की इंग्रजी क्रियापद फक्त एवढेच सांगते की दुसरी वाट उरली नाही. ती वाट कोणी बंद केली, हे सांगण्याचे काम ते वाक्याच्या कर्त्यावर सोपवते. मराठी भाषा ही माहिती क्रियापदातच मागते. म्हणून 'कम्पेल' दिसताच प्रतिशब्द आठवण्याऐवजी प्रथम कर्ता शोधावा आणि तो माणूस आहे, कायदा आहे, परिस्थिती आहे की मनातील प्रेरणा आहे, ते पाहून शब्द ठरवावा.

शब्दाच्या मुळाकडे पाहिले तरी हे समजते. लॅटिनमध्ये 'पेलेरे' म्हणजे हाकणे किंवा ढकलणे, आणि त्याला 'एकत्र' या अर्थाचा उपसर्ग लागून झालेल्या 'कॉम्पेलेरे' या शब्दाचा अर्थ गुरे एका ठिकाणी हाकत आणणे असा होता. चौदाव्या शतकात तो फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. एक्स्पेल, रिपेल, प्रोपेल, डिस्पेल ही सारी त्याचीच भावंडे, आणि नाडीचा 'पल्स'ही त्याच कुळातला. हाकणारा गुराखी असो, मागे लागलेले जनावर असो किंवा वणवा असो, कळप एकाच दिशेने जातो. इंग्रजी शब्दाला त्या दिशेशी कर्तव्य आहे, हाकणाऱ्याच्या ओळखीशी नाही.

आता मराठीतील एक बारकावा मांडतो, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. 'भाग पडणे' आणि 'भाग पाडणे' यांत एका कान्याचा फरक आहे, पण त्या कान्यावर जबाबदारी ठरते. 'शेतकऱ्यांना जमीन विकणे भाग पडले' या वाक्यात कोणी भाग पाडले हा प्रश्न उठतच नाही. जणू पाऊस पडला तसे तेही घडले. 'शेतकऱ्यांना जमीन विकण्यास भाग पाडले' असे लिहिताच वाचक विचारतो, कोणी? इंग्रजीतील कर्मणी प्रयोग दोन्हींसाठी एकच आहे. त्यामुळे इंग्रजी बातमीचे किंवा अहवालाचे भाषांतर करताना आपण कोणता शब्द निवडतो यावर सावकार, कंत्राटदार किंवा सरकारी यंत्रणा वाक्यात राहते की नाहीशी होते, हे अवलंबून असते. मूळ मजकुरात पुढे-मागे कर्ता सांगितलेला असेल, तर 'भाग पडले' लिहिणे मला चुकीचेच वाटते.

नाशिककर :

अतिशय चांगला विषय काढलात. व्याकरणाच्या अंगाने थोडी भर घालतो. इंग्रजीत 'कम्पेल'नंतर ज्याच्यावर जोर केला जातो ती व्यक्ती येते आणि नंतर 'टू'सह क्रियापद येते. 'मेक' या क्रियापदाचा अर्थ जवळचा असला, तरी त्याच्यानंतर 'टू' येत नाही. गंमत अशी की 'मेक'चा कर्मणी प्रयोग केला की गळालेला 'टू' परत येतो. आपल्याकडील विद्यार्थी या ठिकाणी हमखास अडखळतात, कारण मराठीत 'करायला लावणे' हे दोन्ही वेळी तसेच राहते.

दुसरी एक रचना आता जुनी वाटते, पण चांगल्या गद्यात अजूनही भेटते. तिच्यात 'कम्पेल'चे कर्म व्यक्ती नसून तिच्याकडून मिळवलेली गोष्ट असते. एखाद्याचे धैर्य आदर कम्पेल करते, एखादा आवाज लक्ष कम्पेल करतो. येथे 'सक्ती' हा शब्द आणला तर वाक्य बिघडते. आवाज लक्ष वेधून घेतो, आणि धैर्य पाहून आदर वाटल्यावाचून राहत नाही. याच अर्थातून 'कम्पेलिंग' हे विशेषण निघाले. ते युक्तिवादाला लावले तर आपल्याकडे 'बिनतोड' हा अगदी नेमका शब्द आहे, आणि कथेला लावले तर 'खिळवून ठेवणारी' असे म्हणता येते. या दोन्हींत बळजबरीचा लवलेश नाही, तरी सुटका नाही हा मूळ अर्थ शाबूत आहे.

'मला बोलणे भाग आहे' आणि 'मला बोलल्यावाचून राहवत नाही' या दोन्हींसाठी इंग्रजी माणूस 'आय फील कम्पेल्ड' म्हणू शकतो. पहिल्यात पद किंवा कर्तव्य बोलायला लावते, दुसऱ्यात मन. मागचा-पुढचा मजकूर वाचल्याशिवाय यांतला एक निवडता येत नाही.

जिज्ञासू वाचक :

मग फोर्स, कोअर्स आणि ऑब्लाइज यांचे काय? माझ्या मुलीच्या पुस्तकात हे सगळे समानार्थी म्हणून दिले आहेत. कृपया कोणी समजावून सांगाल का?

अर्थशोधक :

समानार्थी म्हणण्यापेक्षा शेजारी म्हणावे. 'फोर्स' सर्वांत व्यापक आहे आणि तो वस्तूंनाही लागतो. दार फोर्स केले, म्हणजे कुलूप तोडून किंवा धक्का देऊन उघडले. दाराला कम्पेल करता येत नाही, कारण 'कम्पेल' ज्याला लागतो त्याला स्वतःची इच्छा असावी लागते आणि ती डावलली जावी लागते. 'कोअर्स'मध्ये धमकी गृहीत आहे. त्याचे लॅटिन मूळ कोंडून ठेवणे, आवरणे या अर्थाचे आहे. भुकेने कम्पेल केले असे म्हणता येते, पण भुकेने कोअर्स केले असे सहसा कोणी म्हणत नाही, कारण भूक धमकी देत नाही. 'ऑब्लाइज' म्हणजे बांधणे. कायद्याने, करारानुसार किंवा उपकाराने माणूस बांधला जातो, म्हणूनच त्याच शब्दातून आभार मानण्याची जुनी पद्धतही निघाली. आपण 'मी आपला ऋणी आहे' म्हणतो, त्यातही बंधनाचीच कल्पना आहे. मराठीत 'बंधनकारक' हा शब्द 'ऑब्लाइज'च्या जवळ जातो, 'दबाव आणणे' किंवा 'धाकदपटशा' हे 'कोअर्स'च्या.

न्यायवाचक :

कायद्याच्या क्षेत्रात या शब्दावर नुसती चर्चा झालेली नाही, तर माणसांचे हक्क त्याच्या अर्थावर ठरले आहेत. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 च्या तिसऱ्या खंडानुसार आरोपी असलेल्या व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यासाठी कम्पेल करता येत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 साली आलेल्या पाचव्या दुरुस्तीतही हाच शब्द आहे. मराठीत येथे 'सक्ती' हा शब्द रूढ आहे आणि तो योग्य आहे, कारण येथे कर्ता नेहमी शासनसंस्था असते. प्रश्न असा की सक्ती कोठे सुरू होते? मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की आरोपी पोलिसांच्या ताब्यात होता एवढ्यावरून त्याच्यावर सक्ती झाली असे मानता येणार नाही, आणि बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचे नमुने घेणे म्हणजे त्याला साक्षीदार करणे नव्हे. पुढे 1978 साली नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा अर्थ बराच रुंदावला. मारहाण झाली नसली तरी मानसिक छळ, भोवतालच्या वातावरणाचे दडपण आणि थकवून टाकणारी लांबलचक चौकशी यांनीही सक्ती होऊ शकते, असे त्यांनी म्हटले. त्यानंतर सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात 2010 साली न्यायालयाने नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत्-प्रतिसादाची चाचणी संमतीवाचून करणे हे या अनुच्छेदाच्या विरुद्ध ठरवले. नार्को चाचणीत माणूस स्वतःहून बोलत असल्यासारखा दिसतो. त्याला कोणी धमकावत नाही, मारत नाही. तरीही बोलावे की गप्प राहावे हे ठरवण्याची त्याची शक्तीच औषधाने काढून घेतलेली असते, आणि न्यायालयाने नेमके तेच लक्षात घेतले.

यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो अनुच्छेद 23, जो वेठबिगारीला आणि सक्तीच्या श्रमाच्या इतर प्रकारांना मनाई करतो. दिल्लीत 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी बांधकामे चालू असताना मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत असल्याची तक्रार पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायालयापुढे नेली. सरळ प्रश्न असा होता की मजूर तर स्वतःच्या पायांनी कामावर आले होते, मग सक्ती कोठे आहे? न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात लिहिले की बळ हे शारीरिक असेल, कायद्याचे असेल, तसेच ते भूक, दारिद्र्य आणि हलाखी यांतून आलेले आर्थिक बळही असेल. ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही तो किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात राबत असेल, तर ते सक्तीचे श्रम होत.

अर्थशोधक यांनी वर लिहिले की दुष्काळ सक्ती करत नाही. बोली मराठीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. परंतु या निकालाने कायद्यापुरते सांगून ठेवले की परिस्थितीने 'भाग पडते' तेव्हा तिचा फायदा घेऊन कमी मजुरी देणारा माणूस 'भाग पाडणारा' ठरतो. आपल्या एका कान्याच्या मुद्द्याला एवढा भक्कम आधार दुसरा सापडणार नाही, असे मला वाटते.

जाता जाता, भारतीय करार कायदा, 1872 मध्ये 'कम्पेल'ऐवजी 'कोअर्शन' हा शब्द व्याख्येसह घेतला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने 1917 साली आत्महत्येची धमकी देऊन पत्नी आणि मुलाकडून लिहून घेतलेला दस्त त्या व्याख्येत बसतो असे बहुमताने ठरवले होते. धमकी दुसऱ्याला मारण्याची नसून स्वतःला मारण्याची आहे, तरी ती जबरदस्तीच. वरील भगिनींच्या किंवा बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर त्यातही मिळते.

पालघरवासी :

न्यायवाचक यांच्या प्रतिसादाला आमच्या भागातील उदाहरण जोडावेसे वाटते. जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, उंबरगाव, तलासरी या पट्ट्यात वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेत आणि ते फेडण्यासाठी त्याच्याकडे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. हिशेब जमीनदाराच्या हाती असल्यामुळे कर्ज कधी फिटतच नसे आणि पुष्कळदा नवरा-बायको दोघांचेही आयुष्य त्यात जाई. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने 1945 पासून वारल्यांचा जो लढा उभा केला, त्यात वेठ आणि लग्नगड्यांची पद्धत बंद करणे ही प्रमुख मागणी होती. संपूर्ण देशासाठी वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला.

लग्नगड्याने अंगठा स्वतःच उठवलेला असे. त्या क्षणी कोणी त्याचा हात धरला नव्हता. तरीही त्याने कर्ज 'स्वेच्छेने' घेतले असे म्हणणे अपुरे आहे, आणि त्याच्यावर पहिल्या दिवसापासून 'जबरदस्ती' झाली असे म्हणणेही नेमके नाही. इंग्रजीत 'कम्पेल' हा एकच शब्द दोन्ही टप्पे झाकून टाकतो. मराठीत मी दोन क्रियापदे वापरीन : गरजेपोटी त्याला कर्ज घेणे भाग पडले आणि त्या कर्जाच्या जोरावर जमीनदाराने त्याला वेठीस धरले. 'वेठीस धरणे' हा शब्द आजकाल संपामुळे प्रवासी अडकले तरी वापरला जातो. त्याला माझा आक्षेप नाही, पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी खरोखर वेठ केली आहे त्यांच्या कानांवर तो शब्द वेगळा पडतो, एवढे लक्षात असावे.

जुन्या पोथ्यांचा वाचक :

पालघरवासी यांनी 'वेठ' शब्द काढला म्हणून लिहितो. तो संस्कृत 'विष्टि'पासून आला आणि जुन्या ताम्रपटांत, दानलेखांत विष्टीचा उल्लेख येतो. 'बिगार' हा फारसी. दोन्ही मिळून 'वेठबिगार' झाला आणि तो आपल्या भाषेत इतका मुरला की हे जोडकाम आहे याचे भानही राहत नाही.

इंग्रजी बाजूलाही याच्याशी जुळणारी जागा आहे. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, कोणी तुला एक मैल चालण्यास कम्पेल केले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद इराणी साम्राज्याच्या टपालव्यवस्थेतून आलेले आहे आणि त्याचा अर्थ वाटेवरच्या माणसाला पकडून त्याच्याकडून सरकारी ओझे वाहून घेणे असा होतो. म्हणजे शब्दशः वेठीस धरणे. कुरेनेच्या शिमोनाला येशूचा क्रूस वाहायला लावला, त्या प्रसंगीही तेच ग्रीक क्रियापद आहे आणि इंग्रजीत तेथेही 'कम्पेल'च आहे.

आता याच ग्रंथातील दुसरी जागा पाहा. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानी देणारा यजमान सेवकाला सांगतो की रस्त्यांवरच्या लोकांना आत येण्यास कम्पेल कर. येथे ग्रीक क्रियापद निराळे आहे आणि त्याच्या अर्थाचा पल्ला बळापासून निकडीच्या आमंत्रणापर्यंत जातो. मेजवानीचा संदर्भ असल्यामुळे मराठी माणसाला येथे 'आग्रह' हाच शब्द सुचेल. पंगतीत वाढणारा जो करतो तो आग्रह; त्यात नाही म्हणायला जागा कमी असते, पण प्रेम असते. परंतु पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथीयांना चर्चमध्ये परत आणण्यासाठी राजसत्तेचे बळ वापरणे योग्य ठरवताना याच वाक्याचा आधार घेतला. पुढे अनेक शतके धर्माच्या बाबतीत सक्तीचे समर्थन करणारे हेच वाक्य पुढे करत राहिले, आणि 1686 साली फ्रेंच विचारवंत प्येर बेल यांनी केवळ या एका वाक्याच्या अशा अर्थाविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहायला घेतला. 'आग्रह' वाचावा की 'सक्ती', या प्रश्नावर माणसांचे धर्मस्वातंत्र्य अवलंबून होते. कर्ता कोण हे पाहण्याबरोबरच तो ज्याच्याशी बोलतो त्याला नकार देण्याची मुभा आहे का, हेही पाहावे, असे मी या चर्चेत सुचवीन.

नाशिककर :

आपली सूचना मोलाची आहे. 'कम्पेल'पासून झालेल्या तीन विशेषणांना ती लावून पाहिली तर त्यांतला फरक चटकन उलगडतो. 'कम्पल्सरी' म्हणजे बाहेरच्या नियमाने नकाराची मुभा ठेवली नाही : परीक्षेतील अनिवार्य विषय, सक्तीची निवृत्ती. 'कम्पेलिंग' म्हणजे नकार देता आला असता, पण देण्याजोगे कारण सापडत नाही. 'कम्पल्सिव्ह' म्हणजे मनाई बाहेरून नाही, माणूस स्वतःलाच नकार देऊ शकत नाही. एखाद्याला पुन्हा पुन्हा हात धुतल्याशिवाय किंवा कुलूप तपासल्याशिवाय चैन पडत नाही, त्या विकाराच्या इंग्रजी नावात हीच छटा आहे. मराठीत त्या विकाराला 'मंत्रचळ' हा जुना शब्द आहे. त्याऐवजी 'सक्तीचा विकार' असे शब्दशः भाषांतर कोणी करू नये, कारण वाचकाला वाटेल की रुग्ण इतरांवर सक्ती करतो. सवयीने खोटे बोलणाऱ्याला 'खोटे बोलण्याची खोड असलेला' म्हटले की पुरते; तेथे भारदस्त शब्दाची गरज नाही.

जिज्ञासू वाचक :

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटची शंका आहे. 'मोफत आणि सक्तीचे शिक्षण' असे आपण नेहमी म्हणतो. येथे सक्ती नेमकी कोणावर आहे? मुलावर, पालकांवर की आणखी कोणावर?

न्यायवाचक :

आपली शंका फार योग्य ठिकाणी आली आहे, कारण या शब्दाचा अर्थ आपल्याकडे शंभर वर्षांत बदललेला आहे. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात 1906 साली ते सर्वत्र सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले, जे पुढल्या वर्षी फेटाळले गेले; आणि शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. या काळात सक्ती म्हणजे पालकांवरील सक्ती असाच अर्थ होता. मूल शाळेत न पाठवणाऱ्यास दंड, हे तिचे स्वरूप होते. संस्थानिकांनी शाळा काढण्याचे ओझेही उचलले ही गोष्ट वेगळी, पण कायद्यातील तो शब्द आई-बापांना उद्देशून होता.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने हा रोख फिरवला. त्याच्या कलम 8 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ स्पष्टीकरण देऊन सांगितला आहे आणि तो असा की सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत प्राथमिक शिक्षण देणे आणि त्याचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांची खातरजमा करणे, हे शासनावर बंधनकारक आहे. कलम 10 पालकांचे कर्तव्य सांगते, पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षा करण्याची तरतूद या कायद्यात नाही. त्यामुळे एखाद्या वस्तीतील मूल शाळेबाहेर दिसले, तर या कायद्याखाली पहिला प्रश्न त्याच्या आईला नव्हे, तर स्थानिक प्राधिकरणाला विचारावा लागतो. शाळेच्या फलकावर 'सक्तीचे शिक्षण' हे शब्द वाचून जे पालक दबकतात, त्यांना हे समजावून सांगणे फार गरजेचे आहे. आपल्या ओळखीत असे कोणी असतील तर कलम 8 चे ते स्पष्टीकरण त्यांना मराठीतून जरूर वाचून दाखवा.